काठ सांभाळणारे टाके

आषाढ लागला की आमच्या वेळापुरात घराघरांतली अंथरुणं उन्हात पडतात. माळशिरसचा मुक्काम आटोपून माऊलींची पालखी आमच्याकडं येते. वाटेत खुडूसचं रिंगण होतं. गावाच्या अलीकडच्या उतारावर वारकरी ‘धावा’ करत पळत सुटतात. तुकाराम महाराजांना इथूनच पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत निघाले, अशी श्रद्धा आहे. संध्याकाळपर्यंत गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. ज्याची जेवढी ओसरी, तेवढे त्याच्याकडे पाहुणे. पिठलं-भाकरी, चहा आणि पाठ टेकायला अंथरूण, एवढंच आमच्याकडून होतं.

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षं करोनामुळे पायी वारी झालीच नाही. पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. त्यामुळे २०२२ साली पालखी परत आली, तेव्हा आम्ही बायका घरात लग्न असल्यासारख्या कामाला लागलो होतो. आमच्याकडं आठ वारकरी बायका उतरल्या. त्यांतल्या सगळ्यांत वयस्कर आजींना मी घरातली नवी वाकळ दिली. माझ्या सासूबाईंच्या जुनेरांची, आदल्याच वर्षी मी स्वतः मशीनवर शिवलेली. तिची एक कड फाटून लोंबत होती, हे गडबडीत माझ्या ध्यानातच आलं नाही.

पहाटे उठून पाहते तर बायका मार्गाला लागलेल्या. ओसरीवर वाकळांच्या घड्या नीट एकावर एक. सगळ्यांत वरच्या वाकळेची फाटकी कड वीतभर शिवलेली. पांढऱ्या दोऱ्यानं घातलेले काजाचे टाके, एकसारखे, तांदळाचे दाणे मांडावेत तसे. रात्री त्यांनी ते कधी घातले, कोणत्या उजेडात घातले, कुणास ठाऊक. दिवसभर चालून आलेली बाई झोपायच्या आधी दुसऱ्याच्या घरची कड शिवून गेली.

मैत्रिणींनो, मला फार लाज वाटली. कारण माझं घर शिवणकामावर चालतं.

मशीन असताना हात कशाला?

गेली वीस-बावीस वर्षं मी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करून देते. सासूबाई २०२० च्या हिवाळ्यात गेल्या. त्या शेवटपर्यंत नऊवारीच नेसत. त्यांच्या पेटीत इरकली लुगडी होती, काही धड, काही विरलेली. वाटून टाकायला जीव होईना. धाकटी जाऊ म्हणाली, “वहिनी, वाकळ शिवू. निदान पांघरायला तरी होतील आत्याबाई.”

आमच्या वरच्या आळीत वाकळा शिवून देणाऱ्या एक आत्या आहेत. सत्तरीच्या आसपास वय, डोळ्यांवर जाड चष्मा, पण सुईत दोरा अजून स्वतः ओवतात. मी लुगडी घेऊन त्यांच्याकडं गेले. त्यांनी कापड हातात चुरून पाहिलं आणि म्हणाल्या, “सातशे पडतील.”

“आत्या, साडेचारशे घ्या की. घरचंच काम आहे.”

आत्या हसल्या. “आगं, तुज्याकडं मशीन हाय की. शिव की तूच.”

त्या चिडून बोलल्या नव्हत्या. पण मी ते मनावर घेतलं. खरंच की, मशीन असताना हाताला पैसे कशाला मोजायचे? घरी आले, चार थर लावले आणि दोन दुपारी वाकळ उरकली. बारीक टीप, घट्ट ताण, पॉलिएस्टरचा चांगला दणकट दोरा. कडेला पट्टी दुमडून दोन टिपा. वर्षानुवर्षं टिकेल असं वाटलं.

पहिल्यांदा धुतली तेव्हाच कड गेली. ओल्या वाकळेला पाण्याचं वजन असतं. मी ती एका कडेला धरून उचलली, तर टिपेच्या रेषेवर कापड टरकन फाटलं. पोस्टाची तिकिटं भोकांच्या रेषेवर सुटतात ना, अगदी तसं. टीप शाबूत होती, दोराही शाबूत होता. फाटलं होतं ते सासूबाईंचं लुगडं. मी ती वाळवली, घडी घातली आणि पेटीच्या तळाशी ठेवून दिली. नंतर शिवू, नंतर शिवू म्हणता म्हणता पालखी आली आणि ती फाटकी वाकळ पाहुण्या आजींच्या अंगावर गेली.

“दोरा कापडापरीस मऊ पायजे”

वारी पुढं गेली. चार दिवसांनी मी ती वाकळ घेऊन आत्यांकडं गेले. म्हटलं, आता बोलणी खायची तयारी ठेवू. त्यांनी आधी त्या पांढऱ्या टाक्यांवरून बोट फिरवलं. “ह्यो हात कुणाचा?” मी सांगितलं. “शाणी बाई हाय,” एवढंच त्या म्हणाल्या.

मग त्यांनी माझी चूक समजावली. आज माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी ती सांगते.

“दोरा कापडापरीस मऊ पायजे. वढ बसली तर दोरा तुटावा, कापड न्हाई. दोरा काय, परत घालता येतुया. कापड कुठनं आणणार?”

वीस वर्षं शिवत असून हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जुनं सुती कापड धुऊन धुऊन विरलेलं असतं. त्यात बारीक टीप मारली की इंचाला दहा-बारा भोकं पडतात आणि सरळ रेषेत कापड कमजोर होतं. वर पॉलिएस्टरचा दोरा कापडापेक्षा चिवट. ताण आला की तो तुटत नाही, कापडालाच कापत जातो. हाताचा टाका लांब असतो, सैल असतो, सुई दर वेळी किंचित वेगळ्या जागी शिरते. ओढ बसली की टाका थोडा सरकतो. फारच ओढ बसली तर एखादा टाका तुटतो आणि आपण तो पुन्हा घालतो. नव्या, घट्ट कापडाला मशीन उत्तमच. पण जुनेराला हातच हवा.

“मला शिवून द्या,” मी म्हणाले. “सातशे देते.”

“माजं डोळं आता मोतीबिंदूला आलंत. तू शीव. मी हितं बसून सांगते.”

अशी बावन्नाव्या वर्षी मी पुन्हा शिकायला बसले. शाळेत असताना आम्हाला भरतकामाची नमुना-वही असायची. कापडाच्या चौकोनी तुकड्यांवर धावदोरा, उलटी टीप, साखळी, काज, माशाचा काटा असे टाके घालायचे, ते तुकडे वहीत चिकटवायचे आणि बाईंकडून शेरा घ्यायचा. माझी वही दहापैकी नऊची होती. पण कोणता टाका कशासाठी जन्माला आला, हे त्या वहीत कुठंच लिहिलेलं नव्हतं. ते आत्यांच्या ओसरीवर कळलं.

काठ आधी, पोट मग

आधी मी सगळी वाकळ उसवली. फाटक्या कडा कापून टाकल्या. ती वीतभर पांढरी शिवण तेवढी, खालच्या कापडासकट, बाजूला ठेवली.

एका नऊवारीतून सहा-सहा फुटांचे साधारण चार तुकडे निघतात आणि उरलेलं कापड ठिगळांना होतं. विरलेला भाग मधल्या थरांत टाकायचा, धड भाग वर आणि खाली. लुगड्याची रुंदी तीच वाकळेची रुंदी. कापलेल्या कडांची भरपाई म्हणून दुसऱ्या लुगड्याचे इरकली काठ चारी बाजूंनी जोडले. अशी वाकळ झाली सहा फूट लांब, चार फूट रुंद.

थर जमिनीवर अंथरून, हातानं सुरकुत्या काढून, कडांवर वजनं ठेवायची. मग सगळीकडून लांब लांब कच्चे टाके. हे कच्चे टाके टाळले की थर सरकतात आणि शेवटी एका कोपऱ्यात पोट फुगतं. मला वाटलं होतं मधून सुरुवात करायची. आत्या म्हणाल्या, “काठ आधी. काठ बांधला की पोट कुठं जातंय?” बाहेरच्या कडेपासून धावदोऱ्याची पहिली फेरी, तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी, असं करत करत मध्यापर्यंत जायचं.

हीच रीत आपल्यापासून फार लांब नाही, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातही आहे. यल्लापूर-हल्याळच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. त्यांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या काळात आफ्रिकेतून गोव्यात आणले गेले होते. त्यांची कवंदीही कडेपासून सुरू होते आणि गोल गोल आत जाते. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून छोटे त्रिकोण शिवतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. फुला नसलेली कवंदी त्या उघडी समजतात. बंगालचा कांथाही जुन्या साड्यांचाच आणि धावदोऱ्याचाच. तिथं साडीच्या काठातले रंगीत दोरे ओढून काढून त्यांनीच शिवायची पद्धत होती. जपानमध्येही शेतकरी-कोळ्यांच्या घरी फाटक्या कपड्यांचे थर असेच धावदोऱ्यानं सांधत. या बायकांनी एकमेकींना पाहिलेलंसुद्धा नव्हतं. सगळीकडे गरिबी सारखी, थंडी सारखी आणि उपायही सारखाच निघाला.

जोडणारे टाके

आता कापडाला कापड कसं जोडायचं ते पाहू. आत्यांकडं चार टाके होते आणि प्रत्येकाची जागा ठरलेली होती.

धावदोरा सगळ्यांना येतो. तो थर धरून ठेवतो, पण ओढ सोसत नाही. म्हणून दोन तुकडे एकमेकांना जोडताना उलटी टीप घालायची. सुई एक टाका पुढं काढायची आणि मागच्या टाक्याच्या टोकाशी परत खाली घालायची. वरून ती मशीनच्या टिपेसारखी अखंड दिसते, खालून दोरा दुहेरी असतो. इरकली काठ मी याच टाक्यानं जोडले.

ठिगळासाठी हेम. ठिगळाची कड आत मुडपायची आणि मोठ्या कापडाचे एक-दोनच धागे उचलून, मग मुडपलेल्या कडेतून सुई काढायची. फॉल लावताना आपण हेच करतो. वरून टाका दिसला नाही तर तो जमला.

चौथा माशाचा काटा. दोन समांतर रेषा डोळ्यांसमोर आणायच्या. एकदा वरच्या रेषेवर, एकदा खालच्या रेषेवर, डावीकडून उजवीकडे जात सुई मात्र दर वेळी उजवीकडून डावीकडे टोचायची. दोरे एकमेकांना फुल्या मारत जातात. जोडाच्या शिवणीवरून हा टाका घातला की खालच्या कडा दबून सपाट बसतात, शिवाय कापड ताणलं तर फुली थोडी उघडते आणि पुन्हा मिटते. म्हणून लोकरीच्या, ताणल्या जाणाऱ्या कापडालाही तो चालतो. इतकी वर्षं मी तो रुमालावर नुसता शोभेसाठी भरत होते.

आत्यांना येत नव्हता तो पाचवा टाका माझ्या नमुना-वहीत होता. तो मी त्यांना शिकवला. आम्ही त्याला जाळीचा टाका म्हणायचो. दोन्ही कापडांच्या कडा आधी मुडपून घ्यायच्या. मग जाड कागदावर, मध्ये जवाच्या दाण्याएवढी फट ठेवून, दोन्ही कडा कच्च्या टाक्यांनी बसवायच्या. आता सुई एकदा या कडेतून, एकदा त्या कडेतून खालून वर काढायची आणि दर वेळी फटीतल्या दोऱ्याच्या खालून घ्यायची. शेवटी कागद काढून टाकला की दोन कापडांच्या मध्ये जाळी उभी राहते. जोडही होतो आणि नक्षीही होते. जुन्या साडीचा जरीकाठ नव्या ओढणीला लावायला, उशीच्या अभ्र्याला, बाळाच्या झबल्याला हा टाका फार शोभतो. रोज धुवायच्या, ओढाताणीच्या कपड्याला मात्र नको. वाकळेत मी तो घातला नाही. आत्या म्हणाल्या, “द्वाडच हाय की ह्यो. फट ठिवतो आन् दिसतो चांगला.”

कापडाचा जोड सुईशिवायही होतो. इरकली साडी आठवा. तिचं अंग एका ताण्याचं आणि पदर दुसऱ्या ताण्याचा असतो. मागावरच एका ताण्याच्या फासात दुसऱ्याचे फास अडकवून ते दोन्ही जोडतात. इळकलचे विणकर त्याला ‘टोपी-तेणी’ म्हणतात. आपण पदराच्या रंगाचं कौतुक करतो, पण अंग आणि पदर जिथं भेटतात ती जागा कधी उलटून पाहत नाही. याच साड्यांवर धारवाडकडच्या बायका कशिदा भरत आल्या. त्यांतले गवंती आणि मुर्गी हे टाके गाठ न मारता घालतात आणि कापडाच्या दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात.

दशा निघू नयेत म्हणून

आपल्या भाषेत एक शब्द मोठा बोलका आहे. कापडाची कड उघडी राहिली की तिचे धागे सुटतात, त्यांना आपण दशा म्हणतो. आणि माणसाचे हाल झाले की म्हणतो, काय दशा झाली त्याची! विणकराच्या हाती त्याच दशा पडल्या तर तो त्यांना पीळ देऊन गाठी मारतो. सोलापुरी चादरीच्या टोकांना पाहा. साडीच्या पदराला गोंडे बांधतात तेही हेच. सुटणारे धागे एकत्र बांधले की त्यांचा दागिना होतो.

जिथं दशा बांधता येत नाहीत, तिथं काजाचा टाका. शर्टाच्या काजाला घालतात तोच. सुई कडेपासून थोडी आत टोचायची, दोऱ्याचा फास सुईच्या टोकाखाली ठेवायचा आणि ओढायची. कडेवर दोऱ्याची एक सलग रेघ तयार होते. काजाला हे टाके अगदी चिकटून घालतात, पांघरुणाला अंतर ठेवून. इंग्रजीत याला ब्लँकेटचाच टाका म्हणतात. आमच्या माहेरी घोंगडीची कड दाभणानं आणि लोकरीच्या दोऱ्यानं शिवलेली असायची. दुपट्याला, बाळाच्या टोपड्याला, बेंदराच्या झुलीला, सगळ्यांना हाच टाका.

आणि सजवायचं असेल तर याच टाक्याची किती रूपं! एक टाका लांब, एक आखूड घातला की कड दातेरी दिसते. तीन टाके एकाच भोकातून पंख्यासारखे काढले की वेलीची पानं. टाक्यांच्या सलग रेघेत दुसऱ्या रंगाचा दोरा नुसता गुंफत नेला, कापडाला सुई न लावता, तर दुरंगी वेणी होते. मी सासूबाईंच्या वाकळेला लाल दोऱ्यानं काज घातले आणि त्यात पिवळा दोरा गुंफला. त्यांच्या लुगड्याच्या काठाचे तेच रंग होते. एका कडेला ती वीतभर पांढरी शिवण होती तशी बसवली. तिच्यावर लाल टाका घातला नाही.

वहीतला हिशेब

शिवताना मी एक गोष्ट मुद्दाम केली. रोजचे तास वहीत लिहीत गेले. दुकानाच्या हिशेबाची सवय, दुसरं काय.

वाकळ ७२ इंच लांब, ४८ इंच रुंद. इंच-इंच अंतरावर धावदोरे म्हणजे एकूण ३,४५६ इंच शिवण. इंचाला तीन टाके धरले तरी दहा हजारांवर टाके झाले. त्याला मला २९ तास लागले. कड चारी बाजूंनी मिळून २४० इंच, तिला ४ तास. थर लावणं, काठ आणि ठिगळं जोडणं, कच्चे टाके, यात ५ तास. एकूण ३८ तास. उसवायला लागलेला वेळ यात धरलेला नाही, ती माझ्या चुकीची शिक्षा.

मग मी भागाकार केला. मी आत्यांना देऊ केलेले साडेचारशे म्हणजे तासाला बारा रुपयेसुद्धा नाहीत. त्यांचा हात माझ्याहून चपळ, त्यांना २८ तास धरू. तरी त्यांनी मागितलेले सातशे म्हणजे तासाला २५ रुपये. खुरपायला जाणाऱ्या बाईलाही याहून जास्त मिळतात. आणि मी ‘घरचंच काम’ म्हणून त्यातलेही अडीचशे कापायला निघाले होते.

माझ्या दुकानात रोज काय होतं ते आठवलं. “ताई, फॉलला एवढे? वीस रुपये कमी करा की.” तेव्हा माझा चेहरा पडतो. मनात म्हणते, पाच मीटर काठाला एकेक धागा उचलून हेम घालून बघ म्हणजे कळेल. आणि आत्यांच्या दारात गेले तेव्हा मीच ती गिऱ्हाईक झाले. हॉटेलात बिलावर घासाघीस करत नाही आपण. दवाखान्यात करत नाही. बाई बाईच्या हातकामाला मात्र हमखास करते. कारण हे काम आपण घराघरांत फुकट होताना पाहिलेलं असतं. आईनं शिवलं, आजीनं शिवलं, कुणी पैसे मागितले नाहीत, म्हणून त्याला किंमतच नाही असं आपल्या मनात बसलेलं आहे.

वाकळ दिवाळीच्या तोंडावर पुरी झाली. आत्यांना दाखवायला नेली. त्यांनी ती उलटी करून खालची बाजू पाहिली. शिवणारी बाई आधी उलटी बाजूच पाहते. “बरी जमलीया,” म्हणाल्या. मी त्यांच्यापुढं सातशे रुपये ठेवले. त्या घेईनात. “शिवलीस तू, पैसं मला कशाचं?” मी म्हटलं, “शिकवणीचे.” बरीच ओढाताण झाली. शेवटी त्यांनी पाचशे ठेवून घेतले आणि दोनशे परत केले. वर म्हणाल्या, “जाळीचा टाका तू शिकिवलास, त्याचं वजा.”

त्या डिसेंबरात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता त्या पुन्हा वाकळा शिवतात. माझ्या दुकानात त्यांच्या दोन वाकळा लावलेल्या असतात आणि किमतीची चिठ्ठी मी लिहिते, तास मोजून. घासाघीस करणाऱ्या बाईला मी काही बोलत नाही. सुई-दोरा देते आणि म्हणते, “बसा, एक वीत घालून बघा.” बऱ्याच जणी हसून पैसे देतात. दोघी-तिघी खरंच बसल्या आणि शिकून गेल्या. काही जणी न घेता निघून जातात, तेही आहेच.

आत्यांच्या सुना मात्र शिवत नाहीत. त्यांना वेळ नाही आणि दोष देता येत नाही. ३८ तास म्हणजे किती, ते आता मला ठाऊक आहे. हे काम टिकायचं असेल तर ते नुसत्या मायेवर टिकणार नाही. त्याचे रास्त पैसे मिळाले तरच पुढची मुलगी सुई हातात घेईल.

आता पालखी आली की ती वाकळ मी सगळ्यांत वर ठेवते. दर वर्षी वाटतं, त्या आजी येतील आणि आपला पांढरा टाका ओळखतील. अजून आलेल्या नाहीत. पण मागच्या खेपेला एका वारकरी बाईनं कडेवरून बोट फिरवत विचारलं, “इथंच पांढरा दोरा का वो?” मी तिला चहा दिला आणि सगळी गोष्ट सांगितली.

करून पाहा

• जुन्या सुती कापडाला सुतीच दोरा वापरा. नवं कापड जोडणार असाल तर ते आधी धुऊन आटवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात वाकळ गोळा होते.

• दोरा हातभरापेक्षा लांब ओवू नका. लांब दोरा गुंततो आणि कापडातून फिरून फिरून झिजतो. ओवल्यावर मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला की गाठी पडत नाहीत.

• गाठ थरांच्या आत लपवा. वर राहिलेली गाठ अंगाला टोचते आणि धुण्यात सुटते.

• काजाचे टाके एकसारखे यावेत म्हणून कडेपासून अर्ध्या इंचावर पेन्सिलीनं फिकट रेघ मारा. चार दिवसांनी रेघ लागत नाही, हातच मोजतो.

• कोपऱ्यावर तीन टाके एकाच भोकातून घाला. मधला टाका बरोबर कोपऱ्याच्या टोकावर आला पाहिजे. कोपरा सर्वांत आधी झिजतो.

• ओली वाकळ एका कडेला धरून कधीही उचलू नका. दोन्ही हातांवर आडवी घ्या आणि दोरीवर मधोमध टाका.

• आणि वाकळ कुणाकडून शिवून घेणार असाल, तर भाव करण्याआधी एक वीतभर काठ स्वतः शिवून पाहा.